घर सोडण्याची पूर्वसूचना आणि अनामतीचा हिशेब

आपल्या संघाच्या स्मरणिकेत मालाचे चढउतार, करांची नवी कलमे, पेढीवरील हिशेबाच्या रीती यांवर जाणकार सभासद लिहीत असतात, आणि ते लेख पुढे वर्षभर गादीजवळ हाताशी राहतात. घरभाडे हा विषय मात्र क्वचितच कोणी हाती घेतो. वास्तविक आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची बेळगाव शहरात, शहापुरात, वडगावात वा टिळकवाडीत वडिलोपार्जित अथवा स्वकष्टाची घरे आहेत आणि त्यांतील एखादी माडी, मागील दोन खोल्या किंवा अख्खे घर भाड्याने दिलेले असते. उलटपक्षी आपल्याच घरची मुले शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळुरास, हैदराबादेस परक्याच्या घरी भाडे भरून राहतात. एकाच कुटुंबात वडील घरमालक आणि मुलगा भाडेकरू, अशी ही स्थिती आहे. तेव्हा या विषयात आपण कोणत्या बाजूचे, हा प्रश्नच मुळी संभवत नाही.

भाड्याचा सगळा व्यवहार येथे मांडण्याचा माझा मनोदय नाही. त्यातील अखेरच्या एका महिन्यापुरतेच लिहावयाचे आहे. घर घेतेवेळी दोन्ही पक्ष गोड बोलतात; मालक नळाला पाणी किती वाजता येते ते सांगतो, भाडेकरू भिंतीला खिळे ठोकणार नाही म्हणून शब्द देतो. मधली वर्षेही बहुधा बरी जातात. परंतु ‘आम्ही घर सोडतो’ हे शब्द उच्चारले की त्या दिवसापासून किल्ल्या हाती पडेपर्यंत आणि अनामत परत मिळेपर्यंतचा जो काळ असतो, त्यात चार-पाच वर्षांचा घरोबा पार विस्कटून जातो. हे वारंवार का घडावे, आणि त्यात आपल्यासारख्या हिशेबी म्हणविणाऱ्या समाजाचा वाटा किती, याचा विचार व्हावा असे मला वाटते.

या बाबतीत आपल्याकडे पक्की रूढी अशी बनलीच नाही, आणि त्याचे कारण मागील काळात आहे. मुंबई राज्यात १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर तेथील १९६१ चा कायदा लागू झाला. त्या दीर्घ काळात भाडे गोठलेले आणि भाडेकरू अढळ, अशी परिस्थिती होती. भाडेकरू आपण होऊन घर सोडतो म्हणाला, तर मालकास आनंदच होई. तो किती दिवस आधी सांगतो याची फिकीर कोण करणार? कित्येक ठिकाणी तर त्याने जावे म्हणून वर पैसे मोजावे लागत. साहजिकच घर खाली करवून घेण्याच्या नोटिशीवर न्यायालयांत शेकडो खटले झाले, पण भाडेकरूने स्वतःहून जाताना काय करावे याविषयी ना कोणी भांडले, ना कोणी नियम घालून घेतला. आता कर्नाटकाच्या १९९९ च्या भाडे कायद्यातून ठराविक मर्यादेपेक्षा अधिक भाड्याची घरे वगळली आहेत; आज नव्याने भाड्याने जाणारी बहुतेक घरे त्या मर्यादेच्या वरचीच असतात. शहरात १९९८ साली तांत्रिक विद्यापीठ आले, वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहेच, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तर त्याहून जुने. बँका, सरकारी कचेऱ्या, कारखाने यांतील बदलीची माणसे वेगळीच. भाडेकरू येतो आणि दोन-तीन वर्षांत जातो, हीच आता सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. म्हणजे जो प्रसंग पूर्वी पिढीतून एकदा येई, तो आता दर दोन वर्षांनी येतो, आणि आपण मात्र प्रत्येक वेळी पहिल्यांदाच आल्यासारखे गोंधळतो.

कायदा काय सांगतो, ते प्रथम पाहू. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे आणि त्याच्या १०६ व्या कलमात हा विषय येतो. लेखी करार नसेल, अथवा करारात याविषयी काही नसेल, तर राहण्याच्या घराचे भाडे महिन्यामहिन्याचे समजले जाते आणि मालकाने वा भाडेकरूने पंधरा दिवसांची सूचना देऊन ते संपवावे असे त्यात म्हटले आहे. ‘एक महिन्याची नोटीस हा कायदाच आहे’ असे आपले अनेक सभासद ठासून सांगतात. ते तसे नाही. महिना हा कराराने येतो, कायद्याने येतो तो पंधरवडा. शेती वा कारखान्यासाठी दिलेल्या जागेला सहा महिन्यांची सूचना लागते, पण तो निराळा विषय. सूचना लेखी असावी, देणाऱ्याची वा त्याच्या वतीने दुसऱ्याची तीवर सही असावी, ती टपालाने पाठवावी किंवा समक्ष द्यावी. समोरचा घरी नसेल तर त्याच्या घरातील माणसाकडे वा नोकराकडे दिली तरी चालते. मुदत मोजावयाची ती चिठ्ठी लिहिल्या तारखेपासून नव्हे, मिळाल्या तारखेपासून.

पूर्वी यात आणखी एक काटा होता. सूचनेची मुदत भाड्याचा महिना ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी संपली पाहिजे, असा नियम असे. एका दिवसाच्या चुकीने दावेच्या दावे फेटाळले गेले आहेत. ३१ डिसेंबर २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो नियम काढून टाकला. तरीही ‘तुम्ही एक तारखेला सांगितले नाही, तीन तारखेला सांगितले, आता पुढचाही महिना पुरा भरा’ असे म्हणणारे मालक आजही भेटतात. करारात तसे स्पष्ट लिहिले असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर वीस-बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या नियमाच्या नावाने हे पैसे मागितले जातात. जाता जाता एक बाब आपल्या जुन्या घरांसाठी सांगितली पाहिजे. काही घरांचे भाडे अजून पाडव्यापासून वा दिवाळीपासून मोजले जाते. हिशेब तसा ठेवण्यास हरकत नाही, पण कायद्यातील ‘महिना’ या शब्दाचा अर्थ १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याने इंग्रजी पंचांगाचा महिना असाच ठरविला आहे. अधिक मास आला म्हणून मुदत लांबत नाही.

अकरा महिन्यांचे करार आता सर्रास होतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीवाचून होत नाही, म्हणून ही अकराची पळवाट निघाली. (महाराष्ट्रात ज्यांची घरे आहेत त्यांनी ध्यानात ठेवावे की तेथील १९९९ च्या कायद्याने करार कितीही लहान मुदतीचा असो, तो लेखी करून नोंदविणे मालकावर बंधनकारक केले आहे.) अशा करारात सूचनेचे कलम असेल तर तेच चालते. कलम नसेल आणि मुदत मात्र ठरलेली असेल, तर भाडेकरूने मधूनच उठून जाणे हा करारभंग होतो. पंधरा दिवसांचा नियम त्याच्या मदतीस येत नाही. मुदत पुरी झाली तर उलट कोणतीही सूचना लागत नाही, करार आपोआप संपतो. हे तपशील रूक्ष खरे, पण भाडेकरू म्हणून परगावी राहणाऱ्या आपल्या मुलांनी सही करण्यापूर्वी निदान ते कलम वाचावे. भाडेकरूने तीन महिने आधी सांगावे आणि मालकाने एक महिना, अशी विषम कलमे मी पाहिली आहेत. दोघांना मुदत एकच असावी. यात कोणता मोठा तत्त्वविचार आहे असे नाही, वजनाचा काटा दोन्ही पारड्यांना सारखा असतो तेवढीच ही गोष्ट.

परंतु कायदा समजला म्हणजे तंटा मिटला, असे होत नाही. कारण आपल्याकडे सूचना दिली जाते ती कागदावर नव्हे, जिन्यात. भाडेकरूची पत्नी वाळवण काढावयास गच्चीवर गेलेली असते, तेथे घरमालकीण भेटते. ‘‘काकू, यांची बदली झाली हो धारवाडला. पुढच्या महिन्यात आम्ही घर सोडू म्हणतो.’’ ‘‘अगं बाई, होय का! बरं, सांगते मी यांना.’’ झाली सूचना! आता यातील ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे पुढच्या महिन्याच्या आरंभी की अखेरीस, ‘सोडू म्हणतो’ म्हणजे नक्की की विचार चालू आहे, आणि काकूंनी ते काकांना सांगितले की त्या दिवशी पाहुणे आल्यामुळे राहून गेले, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर पुढे भांडणाच्या वेळी मिळत नाही. भाडेकरू शपथेवर सांगतो की आम्ही महिनाभर आधी कळविले; मालक तितक्याच सचोटीने सांगतो की मला ट्रक दाराशी उभा राहिला तेव्हा कळले. दोघेही खरे बोलत असतात.

मग चिठ्ठी का लिहीत नाहीत? याचे कारण त्या एका शब्दात आहे. ‘नोटीस’ हा शब्द आपल्या कानांना वकिलाच्या लाखेचा, कोर्टाच्या पायरीचा वाटतो. ज्यांच्याकडून काल लोणच्याची बरणी आली, त्यांना आज नोटीस कशी द्यावी, हा संकोच खरा आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. भाडेकरूने टपालाने नोंदणीकृत पत्र पाठविले तर मालक म्हणतो, ‘‘एका भिंतीपलीकडे राहता, आणि पोस्टातून कळविता? आम्ही काय केले होते तुमचे?’’ यास्तव मी असे सुचवीन की तो शब्दच आपण टाकून द्यावा. बाजारात माल पोहोचला की आपण पोच देतो. पोच मागितली म्हणून कोणी कोणावर अविश्वास दाखविला असे होत नाही. सख्खा भाऊसुद्धा भावाच्या पेढीकडून पोच घेतो. घर सोडण्याची चिठ्ठी आणि तिची पोच, एवढेच हे आहे. चार ओळी पुरतात: अमुक तारखेस घर रिकामे करून किल्ल्या देऊ, तोवरचे भाडे, विजेचे व पाण्याचे बिल भरू, अनामत अमुक रुपये आहे. खाली मालकाने ‘वरील चिठ्ठी आज तारीख अमुक रोजी मिळाली’ असे लिहून सही करावी आणि एक प्रत परत द्यावी. तोंडी सांगणे त्याआधी अवश्य व्हावे. काकूंना गच्चीवर सांगूच नये असे माझे म्हणणे नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सूचनेचा हा महिना कोणाचा, आणि कशासाठी? माझ्या मते तो मालकास दुसरा भाडेकरू शोधावयास मिळालेला अवधी आहे. तो मालकाचा हक्काचा बोनस नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळ अन्याय होतो, आणि तो आपल्यातील सज्जन माणसांकडूनही होतो, म्हणून उदाहरण घेऊन सांगतो.

समजा, भाडे दरमहा १२,००० रुपये आहे आणि करारात एक महिन्याची सूचना आहे. भाडेकरूने ३१ मे रोजी चिठ्ठी दिली, म्हणजे जून अखेरपर्यंतचे भाडे त्याने भरावे. पण बदलीच्या जागी लौकर हजर व्हावयाचे असल्यामुळे त्याने १० जून रोजीच किल्ल्या दिल्या. मालकाने पाच दिवसांत चुन्याचा हात फिरविला आणि १६ जूनपासून नवा भाडेकरू त्याच भाड्याने ठेवला. जूनच्या तीस दिवसांचे भाडे १२,००० रुपये, म्हणजे दिवसाचे ४००. जुन्या भाडेकरूकडून पुरे १२,००० घेतले आणि नव्याकडून पंधरा दिवसांचे ६,०००. एका महिन्याचे एका घराचे भाडे १८,००० झाले! घर तेच, तीस दिवसही तेच. हे जादा ६,००० रुपये कोणत्या खात्यावर जमा करावयाचे, हे कोणी अनुभवी मुनिमाने मला सांगावे. माझ्या हिशेबाने जुन्याकडून १५ जूनपर्यंतचे ६,००० घ्यावे आणि उरलेले ६,००० अनामतीबरोबर परत करावे. जून अखेरपर्यंत घर रिकामेच राहिले असते तर मात्र पुरे १२,००० घेण्याचा मालकास अधिकार होता, त्याविषयी वाद नाही.

यात नवीन असे मी काही सांगत नाही. समजा, गुळाच्या शंभर रव्यांचा सौदा झाला आणि घेणाऱ्याने माघार घेतली. आपण तो माल दुसऱ्यास विकतो आणि भाव उतरला असेल तर मधला फरक पहिल्याकडे मागतो. माल दुसऱ्यास विकून वर पहिल्याकडून पुरा भाव वसूल करणाऱ्यास बाजारात उभे कोण करील? १८७२ च्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमातही हाच न्याय आहे: नुकसान मोजताना ते टाळण्याची किंवा भरून काढण्याची जी साधने हाताशी होती, ती विचारात घ्यावीत. ७४ व्या कलमात म्हटले आहे की करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळेल. आणि आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीलाही हे कलम लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या प्रकरणात सांगितले. ‘करारात लिहिले आहे, अनामत जप्त!’ असे म्हणून विषय संपविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पेढीवर जो न्याय आपण रोज पाळतो, तो घराच्या उंबरठ्यावर आल्यावर का विसरतो, याचे मला नवल वाटते.

मालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण ती बाजू हलकी नाही. आपल्या समाजात अशा कितीतरी भगिनी आहेत, की ज्यांचे यजमान गेल्यावर मागच्या दोन खोल्यांचे भाडे हाच त्यांचा महिन्याचा आधार आहे. भाडेकरू अचानक गेला तर त्यांचा दोन महिन्यांचा किराणा अडतो. त्यातून ज्याने नोटीस दिली तोच पुढे सांगतो, ‘‘शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करून घ्या.’’ ही रीत फार पसरली आहे आणि ती सर्वस्वी गैर आहे. अनामत ही अखेरच्या हिशेबासाठी ठेवलेली रक्कम. ती भाड्यात जिरवली की किल्ल्या मिळाल्यानंतर येणारे विजेचे बिल, फुटलेली काच, नादुरुस्त केलेली पाण्याची मोटार यांसाठी मालकाच्या हाती काही उरत नाही. अनामतीला हात लावावयाचा तो दोघांच्या संमतीने, एका बाजूने ठरवून नव्हे. तसेच सूचनेच्या महिन्यात घर पाहावयास येणाऱ्यांना दार न उघडणे हाही भाडेकरूंचा एक दोष आहे. दिवसातून ठरलेल्या वेळी घर दाखवू द्यावे. मालकानेही स्वयंपाक चालू असता चार माणसे घेऊन आत शिरू नये.

परंतु या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यांचे मूळ पाहू गेले तर ते बहुधा अनामतीच्या परताव्यातच सापडते. भाडेकरू शेवटचे भाडे थकवितो, कारण अनामत परत मिळेल असा त्यास भरवसा नसतो. आणि तसा भरवसा नसण्यास कारणे असतात. ‘अनामत’ हा शब्द ‘अमानत’ या शब्दापासून आला, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. आपल्या खतावणीत ती जमेच्या बाजूस दिसते हे खरे, पण ती देणे म्हणून दिसते, उत्पन्न म्हणून नव्हे, हे आपल्यापेक्षा अधिक कोणास कळावे! पण व्यवहारात काय होते? मिळालेली अनामत धंद्यात फिरते किंवा घरच्या कार्यात खर्च होते आणि परत करावयाची ती पुढच्या भाडेकरूच्या अनामतीतून. पुढचा येईपर्यंत मागच्याने थांबावयाचे. ‘‘नवीन माणूस मिळू दे, मग देतो’’ हे वाक्य भाडेकरूंना इतके पाठ झाले आहे की ते ऐकण्यापेक्षा दोन महिने भाडे थकविणेच त्यांना सुरक्षित वाटते. बंगळुरात तर दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. तेवढी रक्कम बिनव्याजी वापरून झाल्यावर ती परत करण्यास वेळ मागणे शोभत नाही. किल्ल्या आणि अनामत यांची अदलाबदल एकाच बैठकीत व्हावी. येणे असलेल्या बिलापुरती अंदाजी रक्कम राखून, तिची पावती देऊन, बाकी तेथेच मोजावी.

रंगरंगोटीच्या कपातीविषयी दोन शब्द पुरेत. घर राहिल्याने जी नेहमीची झीज होते तिची जबाबदारी भाडेकरूवर नाही, असे १८८२ च्या त्याच कायद्याच्या १०८ व्या कलमात आहे. पाच वर्षांनी भिंत मळते. ती मळली म्हणून एक महिन्याचे भाडे कापणे हे करारात मान्य केलेले नसेल तर समर्थनीय नाही. मोडतोड निराळी, झीज निराळी.

मालकास घर हवे असते तेव्हाही हीच दृष्टी असावी. कागदोपत्री त्याची मुदत एक महिन्याची असेल, पण भाडेकरूची मुले शाळेत जात असतील आणि परीक्षा दोन महिन्यांवर असेल, तर मे महिन्यापर्यंत थांबावे. येथे कायदा काही सांगत नाही. माझे मत सांगतो. तसेच सैन्यातील वा बँकेतील माणसाची बदली हुकुमाने होते, त्यास महिन्याची सूचना देणे पुष्कळदा त्याच्या हातीच नसते. अशा भाडेकरूशी करार करतानाच ‘बदलीचा हुकूम दाखविल्यास पंधरा दिवस पुरे’ असे एक वाक्य घालावे. त्यात मालकाचे नुकसान फारसे नाही, कारण अशा भाडेकरूकडून भाडे वेळेवर येते आणि तो घर बळकावून बसेल ही धास्तीही नसते.

केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा २०२१ च्या जून महिन्यात संमत करून राज्यांकडे पाठविला. त्यात राहण्याच्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, घराचा ताबा घेतेवेळीच देणे वजा करून ती परत करावी, आणि करारात काही नसेल तर भाडेकरूने निदान एक महिना आधी कळवावे, अशी योजना आहे. राज्याने तसा कायदा केल्यावाचून यातले काहीही लागू होत नाही. पण चांगली गोष्ट विधानसभेच्या शिक्क्याची वाट पाहत बसावी असे कोठे आहे? १०६ व्या कलमाच्या आरंभीच ‘करार, स्थानिक कायदा अथवा स्थानिक रूढी याविरुद्ध नसेल तर’ अशा अर्थाचे शब्द आहेत. रूढीला कायद्याने जागा ठेवली आहे. एखाद्या गावात घरमालक असलेल्या व्यापाऱ्यांनी ठरवून एक रीत वर्षानुवर्षे पाळली, तर तीच त्या गावची रूढी होईल.

शेवटी एवढ्या छोट्या रकमांसाठी कोर्टात कोणी जात नाही, ही गोष्ट मालकास ठाऊक असते आणि भाडेकरूसही. बदली होऊन चारशे मैल दूर गेलेला कारकून वीस हजारांसाठी बेळगावच्या न्यायालयात तारखा घेत बसणार नाही. आणि भाडे बुडवून गेलेल्यामागे विधवा मालकीणही धावणार नाही. दोन्हीकडील हक्क असे कागदावरच राहतात. मालाच्या प्रतीविषयीचे तंटे लवादाने मिटविण्याची परंपरा व्यापारी संघांत जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२० रोजी विद्या द्रोलिया प्रकरणात स्पष्ट केले आहे की भाडेनियंत्रण कायद्याखाली न येणाऱ्या घरमालक-भाडेकरूंमधील वाद लवादाकडे देता येतात. म्हणजे वाट मोकळी आहे. मात्र भाडेकरू हा आपल्या संघाचा सभासद नसतो. तेव्हा दोघांची लेखी संमती असल्याखेरीज संघाने असे काम हाती घेऊ नये, आणि पंचांत निदान एक व्यक्ती सभासदाबाहेरची, शक्य तर स्वतः भाड्याने राहणारी असावी. सर्व पंच घरमालक असतील तर भाडेकरूने तेथे येऊन करावयाचे काय?

सबब माझी सूचना अशी आहे. संघाच्या कार्यालयात घर सोडण्याच्या चिठ्ठ्यांची छापील पुस्तके ठेवावीत, एका चिठ्ठीच्या तीन प्रती निघतील अशी कार्बन घालून. एक भाडेकरूस, एक मालकास, एक कार्यालयात. मजकूर एका बाजूस मराठीत व दुसऱ्या बाजूस कानडीत असावा, कारण आपल्याकडे येणाऱ्या भाडेकरूंपैकी पुष्कळांना एकच कोणती तरी वाचता येते. चिठ्ठीच्या पाठीवर अखेरच्या हिशेबाचा नमुना असावा: किल्ल्या दिल्याची तारीख, नवा भाडेकरू आल्याची तारीख, मधल्या दिवसांचे भाडे, बिलांसाठी राखलेली रक्कम, परत दिलेली अनामत. ज्या सभासदाकडे घर भाड्याने दिलेले आहे त्याने करारासोबतच हे कोरे पान भाडेकरूच्या हाती ठेवावे. पहिल्या दिवशी दिलेला कागद शेवटच्या दिवशी कोणाला लागत नाही. या चिठ्ठीचा कच्चा मसुदा तयार करून कार्यालयात ठेवला आहे. ज्यांना त्यात फेरफार सुचवावयाचे असतील त्यांनी वार्षिक साधारण सभेपूर्वी आठ दिवस ते लेखी कळवावेत, आणि दिल्याची पोच अवश्य घ्यावी.